थांबण्याविषयी: पान दुसरं

‘या विश्वातली प्रत्येक गोष्ट थांबण्यासाठीच सुरू झालेली असते, आणि जिला हे उमगलं तिला सुरू होण्याची लाज वाटत नाही.’ एवढं मोठं वाक्य सुकदेव भदाणेच्या डोक्यात सकाळी सव्वाआठला, आमलीच्या चौकात, स्वल्पविरामासकट उभं राहिलं, तेव्हा तो सात जणांच्या ईको गाडीत अकरावा बसला होता आणि गाडी सुरू होत नव्हती. ड्रायव्हर किल्ली फिरवत होता आणि गाडी भाषणाला उठलेल्या अध्यक्षासारखी नुसती घसा खाकरत होती. शेवटी मागच्या चौघांना उतरवून धक्का मारायला लावलं. त्या चौघांत सुकदेव होता. गाडी सुरू झाली, आणि ती पुन्हा थांबेल या धास्तीने ड्रायव्हर न थांबता तशीच पुढे निघाल्यामुळे चौघांना धावत येऊन दाराला लटकावं लागलं. सुकदेवची एक चप्पल सुटता सुटता राहिली. विश्वाचं काय झालं ते पाहायला त्याला त्यानंतर किलवणी नाक्यापर्यंत उसंत मिळाली नाही.

वाक्य नवीन नव्हतं. त्याचंच होतं, गेल्या गुरुवारी लिहिलेलं. आज ते अवेळी आठवायला कारण झाला होता मोबाइल. गाडीत चढता चढता त्याने क्वालिटी डिपार्टमेंटचा ग्रुप उघडला आणि तिथे म्हसकर साहेबांचा निरोप दिसला: ‘सुरतच्या पार्टीची तक्रार. कार्टनमध्ये कागद सापडला. अकरा वाजता व्हाय-व्हाय मीटिंग. संबंधितांनी हजर राहावे.’ खाली फोटो. फोटोत लाकडी टेबलावर दोन कागद पसरलेले, घडीच्या रेघा पडलेले, त्यांवर छापील रकाने आणि आकडे. बघणाऱ्याला आकडेच दिसले असते. सुकदेवला आकड्यांच्या आडून, कागदाच्या पलीकडच्या अंगाने उमटलेली, उलटी, निळसर अक्षरं दिसली. आरशात अचानक आपली पाठ दिसावी तसं त्याला झालं. पाठ आपलीच आहे हे पटतं, पण ती इतरांना रोज अशीच दिसत असणार हे पटत नाही.

वापीजवळ मसाटला सुकदेव ज्या कारखान्यात होता तिथे चात्यांवर धागा पिळतात आणि शंकूसारख्या कोनांवर गुंडाळतात. तो सुरतेला जातो आणि पुढे त्याच्या साड्या होतात. सुकदेवचं काम फिरून कोन तपासायचं. डागाळलेला वेगळा, ढिला वेगळा, चांगला पुढे. दोन वर्षं तो हेच करत होता, कंत्राटावर, आणि या महिन्यात जे चौघे कायम होणार होते त्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. हे सगळं त्याच्या हातांचं काम. डोक्याचं काम वेगळं. त्याच्या क्लिपबोर्डवर वर आजचा तपासणीचा कागद असे आणि खाली जुन्या लॉटच्या टेस्ट रिपोर्टांची चळत, जी नियमाप्रमाणे रद्दीत जायला हवी होती. त्या रिपोर्टांच्या कोऱ्या पाठींवर तो निबंध लिहीत असे. ‘भीतीविषयी’, ‘गाठीविषयी’, ‘दुसऱ्याच्या झोपेविषयी’. एकसष्ट निबंध झाले होते, काही गद्यात, काही पद्यात, बरेचसे दोन्हींत. गद्य कुठे संपतं आणि पद्य कुठे सुरू होतं याविषयी त्याचा नियम साधा होता: बसून लिहिलं तर गद्य, उभ्याने लिहिलं तर पद्य. उभ्याने ओळ लांब जात नाही, बोर्ड हलतो. पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकाला त्याने एकदा पाच निबंध पाठवले होते. संपादकांनी कार्डावर एकच ओळ लिहिली होती: ‘आधी गद्य की पद्य ते ठरवा.’ खुर्ची मिळाली तर ठरवता येईल, असं उत्तर सुकदेवने मनातल्या मनात दिलं होतं आणि कार्ड जपून ठेवलं होतं. त्याच्या साहित्यसेवेची जगाने घेतलेली ती एकमेव लेखी दखल होती.

फोटो पाहून त्याला आधी भीती वाटली. कंपनीचा कागद, जुन्या लॉटचा रिपोर्ट, त्यावर खासगी लिखाण, आणि ते सगळं थेट पार्टीच्या कार्टनमध्ये. यादीतलं नाव खोडायला याहून निम्मंही पुरलं असतं. भीतीच्या मागोमाग, दाराला लटकलेला असताना, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत असताना, त्याला एक लबाड, चोरटा आनंद झाला. सुरतेत कुणीतरी आपलं पान हातात धरलंय. संपादकांनी धरलं होतं ते धरणं वेगळं. पानं धरायला त्यांना नेमलेलंच असतं. इथे एका माणसाने धाग्याचं खोकं फोडलं आणि आत त्याला ‘थांबण्याविषयी’ मिळालं. लिंबायतला, उधन्याला मागावर बसणारे निम्मे आपल्याकडचेच, शिंदखेड्याचे, साक्रीचे, नंदुरबारचे. त्याला मराठी येत असणार. सुकदेवचा मोठा मामा तिथेच बहिरा झाला होता. कारखान्यातून सुटल्यावरही तो घरात ओरडून बोलायचा, आणि एकदा कांडी भरता भरता वीज गेली तेव्हा म्हणाला होता, आत्ता कुठं ऐकू यायला लागलं. निबंध खरं तर तिथूनच सुरू झाला होता. पहिल्या पानावर मामा होता. आणि आता कदाचित मामासारख्याच कुणाच्या हातात मामाचं पान. या विचाराने त्याला इतकं बरं वाटलं की त्याने लटकल्या लटकल्या फोटो पुन्हा उघडला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कागद दोनच आहेत.

निबंध तीन पानी होता. पाच दिवस तो तीन पानं शोधत होता. खाटेखालचं कार्टन त्याने दोनदा उपसलं, कँटीनच्या बाकाखाली पाहिलं, लॉकर पालथा घातला. आता पत्ता लागला तो दोनांचाच: एकावर उलटा ‘मामा’ दिसत होता, दुसऱ्यावर पद्याच्या आखूड ओळी, म्हणजे मधलं नाही. पहिल्या पानावर मामा आणि प्रश्न, तिसऱ्यावर उभ्याने लिहिलेलं पद्य, आणि मधल्या पानावर सिद्धता. प्रश्नाकडून पद्याकडे ज्या पुलावरून जायचं तो पूल मधल्या पानावर होता. तो काय होता ते आठवायचा त्याने प्रयत्न केला. आठवेना. खुर्ची आठवली. पॅकिंगजवळची, एक पाय आखूड असलेली प्लॅस्टिकची खुर्ची. लिहिताना मानेवर पंख्याचा गरम वारा येत होता ते आठवलं. ‘म्हणून’ या शब्दापाशी पेन थांबलं होतं आणि त्याला छातीत हलकं वाटलं होतं, खूप दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं, ते आठवलं. ‘म्हणून’च्या पुढे काय होतं ते आठवेना. नक्कल नव्हती. फोटो काढून ठेवायला काय झालं होतं, असं खोलीतल्या पप्पूने त्याला पूर्वीच विचारलं होतं. विचार एकदाच लिहिला जातो, दुसऱ्यांदा लिहिला की त्याचा अर्ज होतो, असं सुकदेवने त्याला ऐकवलं होतं. खरं कारण असं की मोबाइलमधली सगळी जागा पप्पूनेच पाठवलेल्या गावाकडच्या लग्नांनी व्यापली होती.

गाडी मसाटच्या फाट्याशी आली तरी तो ‘म्हणून’पाशीच उभा होता. ही त्याची जुनी खोड. बारावीत असताना धुळ्याला रद्दीच्या दुकानातून त्याने तत्त्वज्ञानाचं एक जाडजूड क्रमिक पुस्तक उचललं होतं, ज्याची शेवटची तीस पानं कुणीतरी आधीच पुड्या बांधायला फाडली होती. त्यामुळे तत्त्वज्ञानातले सगळे प्रश्न त्याला माहीत होते. उत्तरं त्या तीस पानांत असावीत असा त्याचा अंदाज होता. पुढे दुसरी प्रत मिळाली असती, पण ती त्याने शोधली नाही. प्रश्न आपले झाले होते, उत्तरं परकी निघाली तर काय, अशी काहीतरी धाकधूक होती. आपण लिहितो ती तीच तीस पानं, असंही कधीकधी त्याला वाटे. असं वाटलं की तो चहा प्यायला जाई, कारण असं फार वेळ वाटून घेणं बरं नाही हे त्यालाही कळत होतं.

त्याचं लिखाण आजवर फक्त दोघांनी पाहिलं होतं. एक पप्पू, खोलीतला सोबती, पॅकिंगमध्ये कामाला. तो पानं उलटीसुलटी करून म्हणाला होता, “भो, तू एवढं लिहू राहिला, तर एखादं फिल्मसाठी लिही ना. यात फायटिंग टाक.” आणि दुसरी लॅबमधली शीतल. ती वसईची, दर शनिवारी घरी जाणारी, धाग्याला ताणून ताणून तो कुठे तुटतो ते नोंदणारी. तिने ‘गाठीविषयी’ सगळा वाचला होता, जेवणाच्या सुट्टीत, डब्याचं झाकण पानावर वजन म्हणून ठेवून. मग झाकण उचलून म्हणाली होती, “छान आहे. पण हे तू सांगतोयस कुणाला?” एवढंच. ती हात धुवायला गेली. त्या प्रश्नाने सुकदेव तीन आठवडे नीट झोपला नाही. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी तो लिहायचा आणि मोकळा व्हायचा. आता प्रत्येक ओळ लिहून झाली की समोर एक रिकामी खुर्ची दिसायची. तिच्यात त्याने मामाला बसवून पाहिलं, संपादकांना बसवलं, एकदा आईलाही बसवलं. आई, कोंडाबाई, बसल्या बसल्या म्हणाली, “भाऊ, जेवना का तू?” आणि उठून गेली. फोनवर ती हल्ली आणखी एक विचारायची: “परमनंट व्हयना का रे?” तिला परमनंट हा शब्द फार आवडायचा. गावात तो ज्याला लागला होता असा एकच माणूस होता, तलाठी ऑफिसातला शिपाई, आणि तो मेल्यावरही लोक त्याला परमनंटच म्हणत.

गेटवर पप्पू वाट पाहत उभा होता. तंबाखू मळायचं थांबला होता, म्हणजे प्रकरण गंभीर.

“फोटो पाह्यला?” तो म्हणाला.

“पाहिला.”

“ते मीच टाकले भो. गुरुवारी. शेवटचं कार्टन वाजत व्हतं. स्टोअरवाला म्हने पुठ्ठा संपला. तुझा बोर्ड टेबलावर व्हता, तू चहाला गेला व्हता, मी खालचे तीन कागद ओढले, घडी केली आन् कोनाच्या बाजूला खुपसले. वाजनं बंद.” आणि मग, सुकदेवच्या चेहऱ्याकडे पाहून, “त्याच्यावर तुझं ते व्हतं का?”

“होतं.”

“आयला.” पप्पूने तळहातावरची तंबाखू झटकून टाकली. “मी सांगतो, कागद खाली पडेल व्हते. तुझं नाव नाही घेत. तू यादीत आहे. मी कुठं यादीत आहे?”

कार्टन हलवल्यावर आतून आवाज आला तर ते पाठवायचं नाही, हा पॅकिंगचा पहिला धडा. पुठ्ठा नसेल तर मिळेल ते खुपसतात. जुना कागद, फाटका हातमोजा, एकदा तर कुणाचा तरी टॉवेल सुरतेला जाऊन आला होता. म्हणजे पप्पूची चूक अशी काही नव्हतीच. ‘थांबण्याविषयी’ने एक खडखडाट थांबवला होता. आजवरच्या एकसष्ट निबंधांत प्रत्यक्ष कामाला आलेला हा पहिलाच, असं सुकदेवच्या मनात आलं, आणि त्याला हसू यायच्या आत दुसरंच आठवलं. मधलं पान कुठंय?

अकरापर्यंत त्याने चारशे कोन तपासले असतील. एकही दिसला नाही. हात फिरत होते, बोटांना ढिला धागा कळत होता, आणि डोकं सुरतेत एका टेबलाभोवती घिरट्या घालत होतं. त्याने तो माणूस रचला. पन्नाशीचा, मनगटाला लाल दोरा, दात पानाने रंगलेले. तो कार्टन फोडतो. कागद काढतो. चुरगळून फेकणार, तेवढ्यात त्याला ‘मामा’ हा शब्द दिसतो. इथपर्यंत चित्र स्वच्छ होतं. पुढे तो मधलं पान उचलायचा आणि वाचायला लागायचा, आणि सुकदेव त्याच्या खांद्यावरून वाकून पाहायचा, कारण आता त्यालाही ते वाचायचं होतं. पण त्या माणसाचा अंगठा नेमका ‘म्हणून’च्या पुढे पडलेला असायचा. सुकदेवने त्याला तीनदा अंगठा हलवायला लावला. खाली दुसराच मजकूर निघाला, एकदा तर कँटीनचा मेनू.

म्हसकर साहेबांच्या केबिनमध्ये गारठा फार. ते देवगडकडचे, सव्वीस वर्षं या भागात राहिलेले; वाऱ्यापावसाविषयी त्यांची स्वतंत्र मतं होती आणि बाकी सगळ्याविषयी फॉर्म होते. टेबलावर व्हाय-व्हायचा फॉर्म होता. पद्धत अशी की कुठलीही गफलत झाली की तिला पाच वेळा ‘का’ विचारायचं. प्रत्येक उत्तराला पुन्हा का. पाचव्या चौकोनात जे येईल ते मूळ कारण. दोन वर्षांत सुकदेवने असे तीसेक फॉर्म पाहिले होते आणि कारखान्यातल्या यच्चयावत घटनांचं मूळ कारण पाचव्या चौकोनात एकच निघालं होतं: कामगाराचं दुर्लक्ष. आग लागली तरी तेच, पाणी तुंबलं तरी तेच.

शीतल भिंतीजवळ फाइल घेऊन बसली होती. पप्पू हात मागे बांधून उभा. साहेबांनी सुरतेला फोन लावून तो स्पीकरवर टाकला. पार्टीचा कल्पेशभाई बोलायला लागला आणि सुकदेवने टेबलाची कड धरली.

“साहेब, माल में कोई वांधो नथी. पण कार्टन में जो रिपोर्ट निकला वो किसी दूसरे लॉट का है. मार्च का. हमारे शेठ बोलते है, माल भी मार्च का डाल दिया क्या?”

“नहीं नहीं, माल ताजा है. कागद गलती से गया. दोनच होते ना?”

“मेरे पास तो दो है. कुरियर से भेज दिया, मिला ना?”

“मिला,” साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

ते दोन कागद शीतलच्या फाइलमधून टेबलावर आले. छापील बाजू वर. साहेबांनी चष्मा लावून लॉट नंबर वाचला, तारीख वाचली, ताकदीचे आकडे वाचले. मागची बाजू पाहायची कुणालाच गरज वाटली नाही. सुकदेवला हे कळायला थोडा वेळ लागला. तक्रार त्याच्या लिखाणाविषयी नव्हतीच. फोटो काढणाऱ्याने, पाठवणाऱ्याने, पाहणाऱ्याने, सगळ्यांनी आकडे वाचले होते. निबंधाने वापीच्या पुढे सुरतपर्यंत मजल मारली होती, तिथून कुरियरने परत आला होता, आणि अख्ख्या प्रवासात तो कागदाची पाठ म्हणूनच वावरला होता. सुटलो, असं त्याला वाटलं. आणि लगेच, ज्या वेगाने सुटलो वाटलं त्याच वेगाने, कुणीतरी आपल्याला भर सभेत न ओळखता ओलांडून पुढे गेल्यासारखं वाटलं. आता नुसतं गप्प बसायचं होतं. यादी शाबूत, आई खूश, पप्पूचं दुर्लक्ष. मधलं पान मात्र गेलं ते गेलं. ते मागायचं तर आधी या पानांना दुसरी बाजू आहे हे सांगावं लागणार.

“चला,” साहेब म्हणाले. “कार्टनमध्ये कागद का गेला?”

“कार्टन वाजत व्हतं साहेब,” पप्पू म्हणाला.

“का?”

“कोनाच्या बाजूला जागा राह्यली.”

“का?”

“पुठ्ठा नव्हता.”

साहेबांनी तीन चौकोन सुवाच्य अक्षरात भरले. चौथ्यावर पेन टेकवलं. “आता हे बघ. रद्दीतला कागद म्हणशील तर मार्चचे रिपोर्ट एप्रिलमध्येच फाडले जातात. मग हे पॅकिंगच्या टेबलावर होते का?”

पप्पूने जमिनीकडे पाहिलं. “पडेल व्हते.”

“कुठे?”

“असेच. खाली.”

“असेच खाली काय पडतं रे? पाऊस?” साहेब म्हणाले. “लिहू मग? पॅकरने कुठून तरी उचलले. पाचवं काय होणार ते तुला माहीत आहे. चार दिवस घरी बसशील.”

पप्पूने मान हलवली, होय म्हणून. त्याने ती सहज हलवली. सुकदेवला त्या क्षणी भलतंच काहीतरी दिसलं: मागच्या उन्हाळ्यात आपल्याला ताप आला होता आणि पप्पू खाटेखालच्या कार्टनवर बसून राहिला होता, एकसष्टांपैकी तेव्हाच्या चाळीस निबंधांवर, रात्रभर नाही, पण बराच वेळ, आणि मध्येच म्हणाला होता, तुझं साहित्य बसायला चांगलं आहे. त्या आठवणीत धैर्य देण्यासारखं काही नव्हतं. तरी तोंड उघडलं.

“साहेब, ते माझे. माझ्या बोर्डवर होते. मी ठेवले होते.”

पप्पू म्हणाला, “ए, काय बोलू राहिला तू?”

“का?” साहेबांनी विचारलं. ते फॉर्मचं ‘का’ होतं. त्यांनी वरही पाहिलं नाही.

“मागच्या बाजूला लिहायला.”

साहेबांनी ते शब्द तसेच पाचव्या चौकोनात लिहिले: मागच्या बाजूला लिहायला. शाई वाळेपर्यंत थांबले. सुकदेव पुढच्या प्रश्नासाठी उभा होता. त्याचं सगळं अंग त्या प्रश्नाकडे कललं होतं. काय लिहितोस, का लिहितोस, याचं उत्तर त्याच्याकडे होतं असं नाही. पण विचारलं असतं तर कदाचित आत्ता, या गारठ्यात, ते सापडलंही असतं, ‘म्हणून’च्या पुढचं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. फॉर्मवर सहावा चौकोन नव्हता.

“कंपनीचे रद्द रिपोर्ट बाळगले, म्हणजे वॉर्निंग लेटर,” ते म्हणाले. “यादीचं मग सहा महिन्यांनी बघू. पप्पू, तू लाइनवर जा.”

पप्पू गेला नाही. दाराशी उभा राहिला. शीतल फाइलमध्ये पाहत होती.

“साहेब,” सुकदेव म्हणाला. आता आणखी काय जाणार होतं? “कागद तीन होते. मधला आला नाही. तेवढा विचाराल का?”

“त्यावर कुठला लॉट होता?”

“लॉट आठवत नाही. मागं लिहिलेलं होतं. त्याची दुसरी प्रत नाही.”

म्हसकर साहेबांनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि काय पाहिलं कोण जाणे, पण त्यांनी फोन पुन्हा लावला. “कल्पेशभाई, एक तीसरा कागद भी था क्या?”

पलीकडे मागांचा खडखडाट. कल्पेशभाई कुणाला तरी ओरडून विचारत होता. मग हसत परत आला. “हा साहेब, था. वो एक कारीगर ले गया. मराठी है. खड़ा खड़ा पढ़ता था और हसता था. मैंने पूछा क्या है, तो बोला कुछ नहीं, और खीसे में डाल के ले गया. जरूरी है क्या? मंगवा दूँ?”

हसत होता. सुकदेवचे कान तापले. त्या पानावर हसण्यासारखं काही नव्हतं; सिद्धता होती. होती का? त्याला खुर्ची आठवली, वारा आठवला, छातीतलं ते हलकं होणं आठवलं. ते हलकं होणं म्हणजे आपणही त्या वेळी हसलो असू का? की तो माणूस हसला ते, हा कोण शहाणा धाग्याच्या खोक्यातून अक्कल पाठवतोय, म्हणून? की त्यालाही काहीतरी नेमकं कुठंतरी लागलं? हसून मग फेकून द्यायचं, तर खिशात का घातलं? त्याने उभ्याने वाचलं, हे सुकदेवला फार महत्त्वाचं वाटलं, आणि का वाटलं ते सांगता येईना. पान परत आलं तर आपल्याला सिद्धता कळेल. नाही आलं तर लिंबायतच्या एका सदऱ्याच्या खिशात, घामाने अक्षरं पुसेपर्यंत, एक वाचक राहील. रिकाम्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं आणि दात काढत होतं. तिथून त्याला उठवायचं?

“काय रे?” साहेब फोनवर हात ठेवून म्हणाले. “मागवू का? बोल पटकन, त्यांना काम आहे.”

“राहू द्या,” सुकदेव म्हणाला.

“नक्की?”

“राहू द्या साहेब. त्याच्याकडेच असू दे.”

दारातून पप्पू म्हणाला, “येडा आहे.” पण हळू.

साहेबांनी फोन बंद केला. फॉर्म फाइलला लावला. मग, आपण काय करतोय हे स्वतःलाही नीट ठाऊक नसल्यासारखे, त्यांनी टेबलावरच्या दोन कागदांपैकी शेवटचा उलटा केला आणि वाचायला लागले. वाचताना त्यांचे ओठ हलत होते, त्यामुळे सगळ्यांना कळत होतं ते कुठपर्यंत आले ते.

दोनशे सोळा चात्या फिरतात.
एक थांबते.
सगळे तिच्याकडे धावतात,
तेल घेऊन, दिवा घेऊन,
नाव विचारत.
बाकीच्या दोनशे पंधरांकडे
कुणी पाहत नाही,
एवढ्याच बळावर
त्या फिरत राहतात.

शीतलने मान वर केली. एसी बंद होऊन पुन्हा सुरू झाला. साहेबांनी कागद डोळ्यांपासून जरा लांब धरला, मग जवळ घेतला, मग पुन्हा पहिल्या ओळीवर आले. सुकदेव त्यांच्या ओठांकडे पाहत होता. बाहेर लाइनवर काहीतरी थांबलं होतं किंवा नव्हतं, त्याला सांगता आलं नसतं.

“दोनशे सोळा बरोबर आहे,” म्हसकर साहेब अखेर म्हणाले.

“हो साहेब.”

“मोजल्यास?”

“हो.”

“हं.” त्यांनी कागद पालथा केला, आकड्यांची बाजू वर आली, आणि ते नखाने त्या आकड्यांवरून, मधूनमधून वर आलेल्या निळ्या उलट्या अक्षरांवरून हळूहळू खाली गेले. चेहऱ्यावर काहीतरी आलं, दाटल्यासारखं, आणि ते बोलायला लागले तेव्हा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

“एक काम कर भदाणे,” ते म्हणाले. “हे मला स्कॅन करून फाइलला लावायचंय, आणि तुझी शाई सगळी पुढच्या बाजूला उमटलीय. इथून पुढं पेन्सिलीने लिहीत जा.”